जुन्या सहा सिलिंडर फोर्ड पिकअपची ताकद थोडी वाढवायची असेल तर

तुमचा प्रश्न असा आहे: डेन्व्हरमध्ये १९८१ ची एफ-१५० घेतली, त्यात ३०० घनइंची (४.९ लिटर) इनलाइन सिक्स, म्हणजे एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन आहे. ट्रेलर लावला की घाटात गाडीचा दम निघतो. व्ही-८ टाकायचं नाही, मग काय करता येईल?

व्ही-८ न टाकण्याचा निर्णय अगदी योग्य आहे. हे इंजिन फोर्डने १९६५ ते १९९६ बनवलं. त्याची खरी ताकद २००० आरपीएमच्या आसपासच्या टॉर्कमध्ये, म्हणजे ओढण्याच्या जोरात आहे, तिला धक्का लागेल असं काही करू नका. ४५०० च्या वर ते पळवण्यात अर्थ नाही.

डेन्व्हर १६०० मीटरवर आहे, तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के विरळ. म्हणजे एवढी ताकद काही न बिघडताच गेलेली असते. कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) सपाटीच्या हिशोबाचा असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त जातं. स्पार्क प्लग काढून बघा. काळे, काजळी धरलेले निघाले तर आधी एक नंबर लहान जेट टाका. त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी मात्र कराच. एखादा सिलिंडर बसलेला असेल तर बाकीचा खर्च वाया जाईल.

मग टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते. त्याच्या खुणेवर डोळे झाकून भरवसा ठेवू नका. ही खूण असलेल्या पुढच्या बॅलन्सरची (क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या चाकाची) बाहेरची कडी आतल्या रबरावरून सरकते आणि खूण चुकीची दिसते. पहिला पिस्टन खरोखर वर आणून खूण जुळते का ते तपासा. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) व्हॅक्यूम डब्याच्या नळीतून तोंडाने हवा ओढा. आतली प्लेट हलली नाही तर डायफ्रॅम फाटलाय. हे सगळं ठीक असेल तर बॉनेटखालच्या स्टिकरपेक्षा टायमिंग दोनेक अंश पुढे घ्या आणि चढावर भार देऊन कान लावा. खडखड ऐकू आली की मागे या. तुमच्याकडे ८५ ऑक्टेनचं पेट्रोलही मिळतं, ही चाचणी त्यावर करू नका.

आता मुख्य मुद्दा, एक्झॉस्ट. मूळ मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरचा धूर गोळा करणाऱ्या ओतीव नळीत) सहाही सिलिंडरचा धूर एकाच तोंडातून बाहेर पडतो, इंजिनाचा गळा तिथेच आवळलाय. १९८७ नंतरच्या फ्युएल इंजेक्शनवाल्या ३०० इंजिनावर ओतीव लोखंडाचे दोन वेगळे मॅनिफोल्ड असतात, तीन सिलिंडर पुढे, तीन मागे. भंगार यार्डात ते मिळतात, हेडर्ससारखे (बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या एक्झॉस्ट नळ्यांसारखे) गंजत नाहीत आणि गळतही नाहीत. माझ्या मते या इंजिनावर पैशाचं सर्वांत जास्त मोल देणारं काम हेच. दोन्ही नळ्या जोडून पुढे अडीच इंची एक पाइप पुरे. जुने बोल्ट काढण्याआधी आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, हेडमध्ये बोल्ट तुटला तर काम दुप्पट होतं.

एक अडचण मात्र आहे. इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा मॅनिफोल्ड) आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला असल्यामुळे मूळ इनटेक खालच्या एक्झॉस्टवरच तापतो. नवे मॅनिफोल्ड लावले की ती ऊब जाते, आणि तुमच्याकडच्या थंडीत पेट्रोल इनटेकच्या भिंतींवरच साचेल. म्हणून इनटेकखालचं तोंड प्लेटने बंद करा आणि कूलंटचं गरम पाणी फिरवणारी प्लेट बसवा.

कार्ब्युरेटर मोठा घ्यायचा मोह होईल. पण हिशोब बघा: ३०० घनइंच, ४००० आरपीएम, म्हणजे पूर्ण भरलं तरी मिनिटाला सुमारे ३४७ घनफूट हवा. मिनिटाला ३९० घनफुटांचा होली कंपनीचा चार-बॅरल (चार तोंडांचा) कार्ब्युरेटर आणि ऑफेनहाउसर कंपनीचा इनटेक भरपूर झाला. ६०० चा लावलात तर खालचा टॉर्कच जाईल. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि हेडचं काम आत्ता नको. पुढे कधी कॅम बदललात तर त्याचं फायबरचं गिअरही धातूचं करून घ्या. आणि डेन्व्हर भागात उत्सर्जन चाचणी असते, तेव्हा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याला) हात लावू नका.

चढाचा प्रश्न मात्र बराचसा मागच्या डिफरन्शियलचा, म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या गिअरचा आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर ॲक्सलचा कोड असतो. त्यावरून गुणोत्तर (चाकाच्या एका फेऱ्यामागे शाफ्टचे फेरे) ३.०० निघालं आणि तुम्ही ३.५० बसवलंत तर चाकावर सहाव्या हिश्शाएवढा टॉर्क वाढतो, इंजिन न उघडता. ९ इंची डिफरन्शियल असेल तर आतला अख्खा गड्डा पुढून बाहेर निघतो, तयार जुळवलेला दुसरा बसवता येतो. हायवेवर आरपीएम तेवढेच वाढतील, तेही धरून चाला. फोर-व्हील-ड्राइव्ह असेल तर पुढचं डिफरन्शियलही त्याच गुणोत्तराचं करावं लागेल.