‘स्टेप अप’ : वाढवणं की पुढे येणं?

‘पोलिसांनी गस्त स्टेप अप केली’ आणि ‘आता नव्या खेळाडूंनी स्टेप अप केलं पाहिजे’ या दोन वाक्यांतला ‘स्टेप अप’ एकच का, आणि त्याला मराठीत काय म्हणावं, असा प्रश्न आहे.

अर्थ दोन आहेत. आधी कर्म आहे का ते बघावं. गस्त, उत्पादन, दबाव असं कर्म असलं की अर्थ ‘वाढवणे’, आणि तेही कुणीतरी ठरवून. पावसाने नदीची पातळी वाढते तिथे हा शब्द बसत नाही; धरणातून विसर्ग वाढवला तर बसतो. मराठीत मात्र एका क्रियापदावर भागत नाही. गस्त वाढवतात, बंदोबस्त कडक करतात, कामाला वेग देतात, मोहीम तीव्र करतात.

विजेच्या क्षेत्रात हा शब्द १९व्या शतकाच्या अखेरीपासून आहे. ‘स्टेप अप ट्रान्सफॉर्मर’ म्हणजे व्होल्टेज वाढवणारं रोहित्र. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातली वीज अशा रोहित्रांतून ४०० केव्हीपर्यंत (म्हणजे चार लाख व्होल्टपर्यंत) चढवून दूर पाठवली जाते. तेवढीच वीज दहापट व्होल्टेजने पाठवली तर प्रवाह दहावा हिस्सा होतो आणि तारांमध्ये उष्णतेपोटी होणारी गळती शंभरावा हिस्सा. इथे ‘चढवणे’ हे क्रियापद मला फार नेमकं वाटतं, कारण एकूण वीज वाढत नाही, फक्त दाब, म्हणजे व्होल्टेज, चढतो. ‘स्टेप अप एसआयपी’त (एसआयपी म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणं) मात्र सरळ वाढच असते : दरसाल १० टक्के धरले तर महिन्याचे ५,००० पुढच्या वर्षी ५,५००, मग ६,०५०.

कर्म नसलं की अर्थ माणसाकडे वळतो. अमेरिकेत बेसबॉलचा फलंदाज चेंडू टोलवायला ‘होम प्लेट’ या त्याच्या ठरलेल्या जागेपाशी येऊन उभा राहतो, त्यावरून ‘स्टेप अप टू द प्लेट’ हा वाक्प्रचार आला. गरज पडली असताना पुढे होणं, असा त्याचा भाव. म्हणून खेळाडूंच्या वाक्यात ‘जबाबदारी उचलली पाहिजे’ म्हणावं; नुसता कामगिरीचा प्रश्न असेल तर ‘खेळ उंचावला पाहिजे’. घरात वडील आजारी पडल्यावर थोरली मुलगी ‘पदर खोचून उभी राहिली’, हेही स्टेप अपच.

याचा उलट शब्द ‘स्टेप डाउन’ धरताना जपावं. रोहित्राच्या बाबतीत तो खरोखर उलट आहे. माणसाच्या बाबतीत त्याचा अर्थ पद सोडणं, आणि त्यासाठी आपल्याकडे ‘पायउतार होणे’ आहेच. पण त्यावरून ‘स्टेप अप’ला ‘पायरी चढणे’ करू नये. मराठीत पायरी चढतात ती कोर्टाची!