सरसकट बोलायच्या आधी एवढं बघ

इंग्रजीत लिहायला लागलायस म्हणून सांगतो भावा, "साताऱ्यात पाऊस लई" असं एका वाक्यात ठोकून देऊ नकोस, महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला ५०० च्या आसपास, माणमधल्या म्हसवडचा माणूस ते वाचून काय म्हणंल सांग.

इंग्रजीच्या रोजच्या बोलण्यात 'जनरलायझेशन', म्हणजे थोड्यावरनं सगळ्यांबद्दल सरसकट बोलणं, म्हणलं की बहुतेकदा तक्रारच असते, दोन-चार जण बघून अख्ख्या गावाला नावं ठेवली की समोरचा लगेच 'डोन्ट जनरलाइज' म्हणतो. गणितात मात्र तोच शब्द चांगल्या अर्थानं, ३-४-५ बाजूंच्या त्रिकोणावरनं सगळ्या काटकोन त्रिकोणांचा नियम मांडला की ते जनरलायझेशन, पण तिथं सिद्ध करावं लागतं आणि एक जरी उलटं उदाहरण सापडलं तरी खेळ खल्लास. बोलण्यात एवढं कडक नसतं हां, 'बर्ड्स फ्लाय' म्हणलं तर शहामृग दाखवून कुणी भांडत बसत नाही, ऐकणारा 'बहुतेक' असंच धरतो.

माणसांबद्दल, जातीबद्दल, गावाबद्दल लिहिताना मात्र ही सूट घेऊ नको, तिथं लोक खरंच दुखावतात. 'ऑल' (सगळे) काढ, तिथं 'सम' (काही) घाल, आणि 'मोस्ट' (बहुतेक) लिहायचंच असंल तर निम्म्याहून जास्त आहेत का ते आधी बघ.