घन धातूच्या थ्रस्टरकडे वळणार असशील तर

थ्रस्टर म्हणजे यानाला हळूहळू ढकलणारं छोटं इंजिन. यात टाकी नाही, झडप नाही, झेनॉन वायू नाही. धातूची कांडी हेच इंधन. इथवर सगळ्यांना आवडतं. खरी कटकट ठिणगी पेटवण्यात आहे.

अशा निर्वात आर्क थ्रस्टरमध्ये आर्क, म्हणजे विजेची ठिणगी, दोन टोकांमध्ये पेटते: कॅथोड हे ऋण टोक (धातूची कांडी), अॅनोड हे धन. कॅथोडवरचे सूक्ष्म तप्त ठिपके धातूचा थेट प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित वायू, करतात. टायटॅनियमचे आयन (भारित अणू) सेकंदाला साधारण १५ किलोमीटर वेगाने सुटतात, आणि आर्कला जेमतेम वीसेक व्होल्ट पुरतात. पण तो आर्क सुरू कसा करायचा? कॅथोड-अॅनोडमधल्या सिरॅमिकवर वाहक पदार्थाचा पातळ थर देतात; मग काही शे व्होल्टांत काम भागतं. हा थर प्रत्येक स्पंदात (आर्कच्या प्रत्येक झटक्यात) थोडा उडतो आणि कॅथोडच्या धातूने पुन्हा भरतो. भरणं कमी पडलं तर पेटत नाही, जास्त झालं तर शॉर्ट. म्हणून त्या थराचा विद्युत रोध रोज मोजून वहीत लिही. मी आळस केला आणि आठवडाभर निर्दोष वीजपुरवठा उसवत बसलो!

धातू निवडताना शिसं-बिस्मथचा मोह टाळ. कमी तापमानाला वितळणारे धातू थेंब जास्त उडवतात. वस्तुमान जातं, ढकल मिळत नाही. सुरुवात टायटॅनियमनेच कर.

ढकल मायक्रोन्यूटनमध्ये असते, तेव्हा पीळ तराजूशिवाय (तारेच्या पिळावरून अतिसूक्ष्म बल मोजणारं उपकरण) आकडे सांगू नकोस. आयनप्रवाह आर्कप्रवाहाच्या दहा टक्क्यांच्या आसपास येतो. तुझा तीस आला तर आधी प्रोब (आयनप्रवाह मोजणारं साधन) तपास. आणि हो, निर्वात कक्षाच्या काचेवर धातूचा मुलामा चढतोच, तिला आडोसा लाव.