ज्याला नाही म्हणता येत नाही

२५ डिसेंबर २०२१, रात्री

अगं पोरी,

तुझा सहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा रागच आला थोडा. पाच मिनिटं तू मला कंपनीच्या ३१ डिसेंबरच्या पार्टीबद्दल हॉलचं भाडं, बुफे ठेवायचा की पॅकेट द्यायची, डीजे हवा का नको, गेटवरच्या अँटिजेन टेस्टचा खर्च कुठल्या बजेटमधून, हे सगळं सांगतेस आणि शेवटी घाईघाईत म्हणतेस, "सर, हाउसकीपिंगच्या एक मावशी विचारत होत्या, आलं नाही तर चालेल का." अगं तोच तर मुद्दा आहे! तो शेवटच्या मिनिटाला कसा काय गेला?

तुझे जीएम म्हणतात ते मला कळलं. कोरोनाच्या कालच्या नव्या नियमात बंद हॉलमध्ये १०० माणसं चालतात, आपण नव्वद. रात्री ९ नंतर पाचपेक्षा जास्त जमायचं नाही म्हणून ३१ तारखेला दुपारी १ ते ५ ठेवू. सगळ्यांचे दोन डोस झालेत. कागदावर एक काना-मात्रा चुकलेली नाही. पण सरकारने १०० ही वरची हद्द सांगितलीय, तेवढी माणसं जमवाच असं कुठे सांगितलंय? नियमात बसतं का हे बघायला तुझी गरजच नाही, ते कुणीही बघेल. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने नाही म्हणायला तुला तिथे बसवलंय. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीतून मी एवढं एकच शिकलो, तेही फार उशिरा.

तुला हे कधी सांगितलं नाही, तू तेव्हा आमच्याकडून सोडून गेली होतीस. याच वर्षी २१ फेब्रुवारीला मुख्यमंत्री टीव्हीवर येऊन म्हणाले, गर्दीचे कार्यक्रम बंद, 'मी जबाबदार'. त्याचं पोस्टर आमच्या गेटवर मीच लावून घेतलं. आणि २७ तारखेला, शनिवारी, आमच्या एका जुन्या सुपरवायझरचा सेंडऑफ कँटीनमध्ये केला, पन्नास-पंचावन्न माणसं, कारण माणूस तीस वर्षं राबलाय, त्याला काय फोनवर निरोप द्यायचा, आणि रोज एकाच शेडमध्ये काम करतातच की सगळे, आणि कंपनीच्या आवारातलं कुणाला कळतंय. थर्मल गन होती, सॅनिटायझर होतं, खुर्च्या लांब लांब होत्या, जेवण आल्यावर त्या आपोआप जवळ आल्या.

कँटीनमध्ये ठेकेदाराकडचा एक वाढपी होता. तो सकाळी माझ्या केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, आज वाढायला दुसरा कुणी दिला तर चालेल का, घरी आई आजारी असते." मी मान वरसुद्धा केली नाही. म्हटलं, अरे दोन तासांचा प्रश्न आहे. तो "बरं साहेब" म्हणून गेला.

पुढच्या आठवड्यात सेंडऑफला आलेले अकरा जण पॉझिटिव्ह, मग तो, मग त्याची आई. मार्च संपायच्या आत ती गेली. बेडसाठी मी पण फोन केले, खूप केले, ते दिवस तुला माहीत आहेत. महिन्याने तो कामावर परत आला आणि नेहमीसारखा माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आता कुणी म्हणेल, इन्फेक्शन तिथूनच गेलं हे सिद्ध कुठे होतंय, त्याला बसमध्ये झालं असेल, किराणा दुकानात झालं असेल. मॅनेजमेंट हेच म्हणालं. मी स्वतःलाही कित्येक रात्री हेच सांगितलं, आणि ते खोटंही नाही. पण त्याने विचारलं होतं. ते बसमध्ये नव्हतं झालं, माझ्या दारात झालं होतं.

म्हणून "ऐच्छिक आहे, यायचं तर या" हे वाक्य तू सर्क्युलरमध्ये टाकूच नकोस. प्रोबेशनवरच्या पोराला ऐच्छिक काय असतं? ग्रुपवर जीएमनी पोल टाकला तर एकोणनव्वद अंगठे वर येतील, आणि गेटवरचा सिक्युरिटी, ड्रायव्हर, वाढपी, मावशी त्या ग्रुपमध्येच नसतील. बोलावणारा पगार देणारा असला की ते आमंत्रण राहत नाही गं, ड्युटी होते.

रोज एकत्र काम करतात हा मुद्दाही तपासून बघ, मला त्यानेच फसवलं. शेडला तीस फूट उंच छप्पर, दोन्ही बाजूंनी शटर उघडी, तोंडावर मास्क. हॉलमध्ये एसीसाठी दारं बंद, मास्क खिशात, आणि गाण्याच्या आवाजावर ओरडून बोलायचं. हा रोग श्वासातून हवेत पसरतो, बंद जागेत ती हवा तिथेच फिरत राहते. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात मार्च २०२० मध्ये एक कॉयर, म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा गट, अडीच तास सरावाला बसला, ६१ जण होते, त्यातल्या ५३ जणांना लागण झाली नाहीतर तशी लक्षणं दिसली, दोघं गेले. तेव्हा लस नव्हती म्हणशील, तर मग गेल्याच महिन्यातलं घे, २६ नोव्हेंबर, नॉर्वे, ओस्लो, एका कंपनीची ख्रिसमस पार्टी, म्हणजे तुझंच प्रकरण. शंभरावर माणसं, जवळजवळ सगळ्यांचे दोन डोस, टेस्ट करूनच यायचं असं ठरलेलं. चौकशीत १११ जणांशी बोलले त्यातले ८१ जण बाधित निघाले किंवा तसा दाट संशय होता. हाच तो ओमायक्रॉन, कोरोनाचा नवा प्रकार, जो या महिन्याच्या ४ तारखेला डोंबिवलीत सापडला आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या चाकणशेजारी पिंपरी-चिंचवडमध्ये.

ओस्लोच्या त्या पार्टीतल्या कुणाला हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं नाही, हेही मी सांगतो, लपवत नाही. जीएम नेमकं तेच धरतील. तेव्हा त्यांना विचार, घरी कोण आहे? आत्ताच पंतप्रधान बोलले, ६० च्या वरच्या आजारी लोकांना तिसरा डोस १० जानेवारीपासून. म्हणजे ३१ तारखेला कुणाच्याच म्हातारीला तो मिळालेला नसणार. दहा दिवस थांबायला काय होतंय?

लोक नाराज होतील, हो. खंडेनवमीला मी जेवण रद्द केलं, पूजा पाच जणांत उरकली, मशीनवर जाऊन प्रत्येकाच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला, तर कमिटीवाले म्हणाले साहेबांनी वर्षाचा एक आनंद पण खाल्ला. नोव्हेंबरअखेर माझी रिटायरमेंट, स्वतःचा सेंडऑफ घेतला नाही तर म्हणाले नाटक करतोय. असेल. बायकोला पण तसंच वाटलं. पण मी तिथे हार घालून उभा राहिलो असतो आणि ताट वाढायला तोच आला असता, ते मला जमलं नसतं, आणि यात मी चुकलो असं मला कुणीही पटवू शकलेलं नाही.

तू भित्री नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून धीर द्यायच्या भानगडीत पडत नाही. सोमवारी जीएमना तोंडी सांगू नकोस, मेल कर. "काहींना भीती वाटते" असलं गुळमुळीत लिहू नकोस, "माझी शिफारस, कार्यक्रम घेऊ नये" असं लिही, खाली तुझं नाव. पार्टीचा पैसा परत जाऊ देऊ नकोस, ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांना सारख्या रकमेची कुपनं दे, सारख्या म्हणजे सारख्याच. जमायचंच आहे तर पाडवा २ एप्रिलला आहे, तेव्हाची परिस्थिती बघून मैदानात, दिवसाढवळ्या करा.

आणि मेल पाठवायच्या आधी त्या मावशींना जाऊन भेट. घरी कोण आजारी आहे ते विचार, तुझ्या मेसेजमध्ये ते नव्हतं. मग मला फोन कर, मी साडेपाचला उठलेला असतो.

तुझा,
सर