गाडीचं दार उघडत नाहीये? आधी कान लावा

हँडल जोर लावून ओढू नका, तुटलं तर दुप्पट काम. मागचं दार फक्त आतून उघडत नसेल तर चाइल्ड लॉक (मुलांनी आतून दार उघडू नये म्हणून असलेली कळ) बघा. बऱ्याचदा तेच असतं.

नाहीतर रिमोट दाबून दाराला कान लावा. खट् आवाज आला तर लॉकची मोटर जिवंत आहे, लॅच (दार धरून ठेवणारी कडी) किंवा हँडलची केबल अडकलीय. एकाने लॉकजवळ दार तळहाताने आत दाबून धरायचं, दुसऱ्याने अनलॉक करत आतलं हँडल ओढायचं. लॅचवरचा ताण कमी झाला की ते बऱ्याचदा सुटतं. आवाजच नाही आणि बाकीची दारं ठीक? मग मोटर किंवा बिजागरीजवळच्या रबरी नळीतली वायर तपासा.

उघडलं की लॅच साफ करून पांढरं ग्रीस लावा. आणि दार लावण्याआधी, उघडं असतानाच स्क्रूड्रायव्हरने लॅच फिरवून लॉक-अनलॉक करून बघा!