तिकडची माणसं कशी आहेत?

तुम्ही विचारलंत, ‘मुलाबाळांसह परदेशी जायचं ठरतंय, तिकडची अनोळखी माणसं आपल्याशी कशी वागतात?’ व्हिसा, कर, विमा हे सगळं सरकारी संकेतस्थळांवर आहे, ते इथे उगाळत नाही. पण तुमच्या या एका ओळीने बरंच काही ढवळून काढलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

बरी आणि तुसडी माणसं सगळीकडेच असतात. आपल्या माणसांत असताना कुणी खेकसलं तर संध्याकाळपर्यंत चारजण नीट बोललेले असतात आणि विषय संपतो. नव्या देशात सुरुवातीला दिवसभरात बोलणं होतं ते बसच्या ड्रायव्हरशी आणि काउंटरवरच्या कारकुनाशी. त्यातला एक तुटक बोलला की अख्खा दिवस नासतो. मुळात वाईटाचं वजनच जास्त. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ढीगभर संशोधन तपासून हेच मांडलं. त्यात कारणही कळत नाही. माणूसच तिरसट, की आपला उच्चार, की कातडीचा रंग, की आपणच रांगेचा काही नियम मोडला? याचा निकाल लागत नाही, म्हणून प्रसंग वर्षानुवर्षं डोक्यात घोळत राहतो.

निदान नियमाची शंका तरी मिटवता येते. कुठल्याही कचेरीत आधी थोडं मागे थांबून पुढच्या तिघा-चौघांकडे बघा: खिडकीपासून किती लांब उभे राहतात, आधी नमस्कार-चमत्कार करतात की थेट काम सांगतात, आवाज केवढा ठेवतात. कागद त्यांच्या यादीच्या क्रमाने लावा, मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. नावाचं स्पेलिंग सगळीकडे पासपोर्टबरहुकूम हवं. एका कागदावर वडिलांचं नाव आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून परत पाठवतात. परत पाठवलंच तर वाद घालू नका. ‘नेमका कुठला कागद कमी आहे, लिहून देता का?’ एवढंच म्हणा. चिठ्ठी मिळाली तर पुढच्या खिडकीवर तीच कामाला येते. नाही मिळाली तर तारीख, वेळ आणि खिडकीचा क्रमांक आपणच टिपून ठेवा.

आणि असं काही झाल्यावर तिथेच उभ्याउभ्या पुढचा फॉर्म भरू नका. इस्रायलमधल्या नवजात अतिदक्षता विभागांतल्या डॉक्टर-नर्सवर झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरच्या तज्ज्ञाने थोडं अपमानास्पद बोलल्यावर त्यांचं निदान आणि हातातलं काम, दोन्ही घसरलं. कसलेल्या माणसांची ही गत, तर आपण चुकीच्या रकान्यात तारीख लिहिणारच. पंधरा मिनिटं बाहेर बसा, पाणी प्या, मग सही करा.

एकटेपणाबद्दल लोक फार लिहितात. येतो, सुट्टीच्या दुपारी जास्त येतो. पुढे चला.

त्यावर उतारा मोठ्या मैत्रीत शोधायला जाऊ नका, त्याला वेळ लागतो. तेच दुकान, तीच वेळ, आणि पैसे देताना नजरेला नजर देऊन एखादं वाक्य. कॉफीच्या दुकानात असं दोन शब्द बोललेल्यांना, झटपट काम उरकणाऱ्यांपेक्षा बरं आणि आपलंसं वाटलं, हे गिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये दाखवलं. कुणी आपणहून बसथांब्यापर्यंत सोडलं, फॉर्ममधला रकाना समजावून दिला, तर ते त्याच दिवशी लिहून ठेवा. वाईट आपोआप लक्षात राहतं, हे मुद्दाम ठेवावं लागतं. तो माणूस कर्मचारी असेल तर त्याच्या साहेबाला तीन ओळी पाठवा: नाव, तारीख, काय केलं.

राहिली मुलांची शाळा. इथे माझा राग अजून गेलेला नाही. नवी भाषा कानावर पडू लागली की कित्येक मुलं काही महिने गप्प राहतात. ऐकत असतात, बोलत नाहीत. शाळेला ते ठाऊक असायला हवं, तरी त्या गप्प राहण्यालाच कच्चेपणा समजून मुलाला खालच्या गटात बसवतात. प्रवेशाच्या आठवड्यातच वर्गशिक्षकांना मुलाच्या नावाचा उच्चार रेकॉर्ड करून पाठवा, नाहीतर त्यांना सोयीचं टोपणनाव कायमचं चिकटतं. गणिताची पारख भाषेपासून वेगळी करायला सांगा. गट कशाच्या आधारावर ठरवला आणि पुन्हा कधी तपासणार, हे ईमेलवर मागा. तोंडी ‘बघू या’वर समाधान मानू नका, वर्षाअखेर शिक्षक बदलतात आणि नवीन शिक्षकांना त्यातलं काहीच ठाऊक नसतं.