सात पूर्णांक सहा मिलिलिटरचं कोडं

‘कागदावर सगळी गणितं सुटतात, पण लॅबमध्ये माझं एकही द्रावण बरोबर येत नाही. विषय बदलू का?’ एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी हा प्रश्न घेऊन आली, तेव्हा तीन आठवडे तिची झोप उडालेली होती. (ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.) असा प्रश्न दर वर्षी प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की कोणी ना कोणी विचारतंच. विचारणारे बहुतेक जण हुशार असतात. बारावीपर्यंत आणि पुढेही बऱ्याच ठिकाणी लॅब असिस्टंटनी भरून ठेवलेल्या बाटल्या टेबलावर तयार मिळतात. मुलांनी फक्त ब्युरेट (मापाच्या खुणा असलेली नळी) भरायची. द्रावण स्वतः बनवायची वेळ थेट एम.एस्सी.ला किंवा नोकरीत येते. तेव्हा हात अडखळला तर त्यात अक्कल कमी असण्याचा काहीही संबंध नाही.

अशा वेळी ‘आत्मविश्वास ठेव’ म्हणण्यात अर्थ नसतो. आधी जर्नल उघडून बघावं. भीती नेमकी कुठल्या आकड्यावर बसली आहे, ते तिथे दिसतं.

तिचा प्रयोग साधा होता. सोडिअम हायड्रॉक्साइडचं ०.१ नॉर्मल (नॉर्मल हे तीव्रतेचं एकक) द्रावण २५० मिलि बनवायचं आणि ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या ०.१ नॉर्मल द्रावणाने त्याची नेमकी तीव्रता काढायची. सोडिअम हायड्रॉक्साइडचा रेणुभार ४०, म्हणून ४० × ०.१ × ०.२५ = १ ग्रॅम. इथवर बरोबर. गोंधळ वजनकाट्यावर झाला. चार दशांश दाखवणाऱ्या काट्यावर तिला १.०००० आणायचे होते. एकेक पेलेट (गोळी) ०.१ ते ०.२ ग्रॅमची, त्यामुळे आकडा कधी अलीकडे राहायचा, कधी पलीकडे जायचा. ती एक काढायची, दुसरी टाकायची, आणि तेवढ्यात आकडा आपोआप वर सरकायचा. ‘माझा हातच स्थिर नाही,’ असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

हात चांगला स्थिर होता. हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी ओढून घेतं, शिवाय कार्बन डायऑक्साइडही शोषतं. पेलेट ओलसर होतात आणि काटा वाढत जातो. दहा मिनिटं खटपट केली तर वजन अधिक अचूक होत नाही, उलट माल खराब होतो. म्हणूनच या पदार्थाला प्रायमरी स्टँडर्ड (नुसत्या वजनावरून ज्याच्या द्रावणाची तीव्रता पक्की धरता येते असा पदार्थ) मानत नाहीत. साध्या काट्यावर छोट्या बीकरमध्ये साधारण १ ग्रॅम झटपट घ्यावं आणि बाटलीचं झाकण लगेच लावावं. कागदावर घेऊ नये, पेलेट चिकटतात आणि कागद खाल्ला जातो. उकळून गार केलेल्या डिस्टिल्ड पाण्यात विरघळवावं. बीकर गरम होतो, तो गार झाल्याशिवाय द्रावण फ्लास्कमध्ये घेऊन २५० मिलिच्या खुणेपर्यंत पाणी भरू नये. भरल्यास नंतर पातळी खाली उतरते.

पण यामुळे तिचं कोडं सुटत नव्हतं. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडच्या १० मिलिला हायड्रॉक्साइड लागलं ७.६ मिलि. पुन्हा बनवलं: ७.५. तिसऱ्यांदा: ७.६. हिशोब काय सांगतो? १० × ०.१ ÷ ७.६ = ०.१३२ नॉर्मल. तिने यावर ‘माझं वजन चुकतंय’ असा निष्कर्ष काढला आणि चौथ्यांदा हायड्रॉक्साइड वजन करायला निघाली.

इथे तिला एकच प्रश्न विचारला. एक ग्रॅम शुद्ध हायड्रॉक्साइड २५० मिलित टाकलं तर जास्तीत जास्त किती नॉर्मल होईल? ‘०.१.’ आणि ते ओलं असेल, हवा लागलेली असेल तर? ‘कमीच होईल.’ मग ०.१३२ आलं कुठून? ती बराच वेळ गप्प बसली. चूक हायड्रॉक्साइडमध्ये असूच शकत नव्हती. चूक दुसऱ्या फ्लास्कमध्ये होती, ज्याच्यावर तिने एकदाही संशय घेतला नव्हता.

ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा रेणुभार तिने वहीतून ९० घेतला होता. दोन आम्लीय हायड्रोजन, म्हणून समतुल्यभार (रेणुभार भागिले आम्लीय हायड्रोजन) ४५, आणि वजन १.१२५ ग्रॅम. मात्र लॅबमधल्या बाटलीवर ‘डायहायड्रेट’ लिहिलेलं असतं आणि रेणुभार १२६.०७ छापलेला असतो. स्फटिकातल्या दोन पाण्याच्या रेणूंचं वजन धरलंच पाहिजे. समतुल्यभार ६३.०३५, वजन १.५७५९ ग्रॅम. १.१२५ ग्रॅम घेतल्यामुळे तिचं ‘०.१’ द्रावण प्रत्यक्षात ०.०७१४ नॉर्मल होतं. तो आकडा घालून बघा: १० × ०.०७१४ ÷ ७.६ = ०.०९४. हायड्रॉक्साइड पहिल्यापासून ठीकच होतं. वजन करण्याआधी बाटलीवरचा रेणुभार वहीत उतरवून घ्यायची सवय इतकी स्वस्त आहे की ती कोणी लावत नाही. मोरचुदातही (कॉपर सल्फेट) हाच घोटाळा होतो: निर्जल १५९.६, पाच पाण्यांसह २४९.७.

घरी जाताना तिला कामाची यादी मात्र वेगळ्या क्रमाने दिली: काळजी ऑक्झॅलिक अ‍ॅसिडवर खर्च कर, हायड्रॉक्साइडवर नको. चार दशांशांचा काटा खरा इथे वापरायचा. तरीही १.५७५९ वरच काटा थांबवायची गरज नाही. १.५८३२ आलं तर तेच लिहायचं: १.५८३२ ÷ (६३.०३५ × ०.२५) = ०.१००५ नॉर्मल. बीकरमध्ये १०० मिलि पाण्यात पूर्ण विरघळवायचं (गार पाण्यात वेळ लागतो, ढवळत राहा), फनेलमधून फ्लास्कमध्ये ओतायचं, बीकर आणि काचकांडी तीनदा थोड्या पाण्याने धुऊन तेही आत घ्यायचं. खूण एक सेंटिमीटर राहिली की ड्रॉपर हातात. डोळा खुणेच्या पातळीत, पाण्याच्या वक्र पृष्ठभागाची खालची कड खुणेवर. खूण ओलांडली तर वरचं पाणी ओढून काढू नका, त्याबरोबर आम्लही जातं. द्रावण टाकून नव्याने करा. शेवटी बूच धरून फ्लास्क पंधरा वेळा उलटासुलटा. हे विसरलं तर वरचं पातळ, खालचं दाट, आणि प्रत्येक पिपेटला (मोजून द्रावण ओढायची नळी) वेगळं उत्तर. पिपेटला रबरी बल्ब लावा, तोंडाने ओढू नका, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड विषारी आहे.

दुसऱ्या भेटीत रीडिंग १०.६, १०.६, १०.७ अशी होती. ऑक्झॅलिक अगदी ०.१००० धरलं तर ०.०९४३ नॉर्मल. तिचा चेहरा पुन्हा पडलेला: ‘०.१ नाहीच आलं.’ मूळ दुखणं हे होतं. चुकलेलं द्रावण आणि बरोबर द्रावण दिसायला सारखंच, पाण्यासारखं. मग मन शंका काढत राहतं आणि माणूस अचूक ०.१ चा हट्ट धरतो. टायट्रेशन, म्हणजे दुसऱ्या द्रावणाशी मोजून तीव्रता काढणं, याच शंकेसाठी असतं. ०.०९४३ माहीत असलेलं द्रावण पुढच्या प्रत्येक हिशोबाला चालतं. ०.१ ‘असावं’ असं वाटणारं चालत नाही.

मग तिने हायड्रोक्लोरिक आम्लाचं विचारलं, कारण त्याच्या बाटलीवर मोलॅरिटी (एका लिटरमध्ये किती मोल) नसते, टक्के आणि घनता असतात. ३७ टक्के, १.१८. एक लिटर म्हणजे ११८० ग्रॅम, त्यात आम्ल ४३६.६ ग्रॅम, भागिले ३६.४६, म्हणजे सुमारे १२ मोलार. ०.१ मोलारचं २५० मिलि हवं असेल तर २५० × ०.१ ÷ १२ = २.१ मिलि. फ्युम हूडमध्ये (वाफा ओढून घेणारं कपाट), फ्लास्कमध्ये आधी पाणी घेऊन त्यात आम्ल. ‘पिपेटने अगदी नेमकं घेऊ?’ असं विचारता विचारता ती स्वतःच थांबली आणि म्हणाली, ‘मेजरिंग सिलिंडर चालेल. तीव्रता नंतर काढायचीच आहे.’

विषय बदलण्याचा अर्ज तिने अजून फाडलेला नाही, परीक्षा झाल्यावर बघू म्हणते. हायड्रॉक्साइड आता प्लास्टिकच्या बाटलीत आहे, कारण काचेचं बूच त्यात अडकून बसतं. बाटलीवर चिठ्ठी आहे: ०.०९४३ नॉर्मल, बनवल्याची तारीख, आणि आठवड्याने पुन्हा तपासायची तारीख.